विश्लेषण : कोयनेची चार सेकंदांची वीज आणि खालीच राहिलेला उपग्रह, कक्षा बदलण्याचे गणित काय?

श्रीहरिकोटा येथून २९ जानेवारी २०२५ रोजी सकाळी जीएसएलव्ही-एफ१५ रॉकेटने ‘एनव्हीएस-०२’ हा दिशादर्शक उपग्रह अवकाशात नेला. या तळावरून झालेले ते शंभरावे उड्डाण होते. रॉकेटने आपले काम चोख केले आणि उपग्रह ठरलेल्या लंबवर्तुळाकार कक्षेत सोडला. पुढचा टप्पा उपग्रहाने स्वतःच्या इंजिनावर पार करायचा होता. मात्र २ फेब्रुवारीला ‘इस्रो’ने कळवले की, इंजिन पेटवण्यासाठी लागणारा ऑक्सिडायझर आत सोडणाऱ्या झडपा उघडल्याच नाहीत, त्यामुळे कक्षा उंचावण्याची प्रक्रिया करता आली नाही. उपग्रहाची बाकी यंत्रणा ठणठणीत, सौरपंख उघडलेले, वीज तयार होत असलेली. तरीही तो जागेवर पोहोचू शकला नाही. त्याला नेमकी किती ऊर्जा कमी पडली? सातारा-सांगलीकरांना ओळखीच्या मापात तो हिशेब केला तर उत्तर चकित करणारे आहे.

कमी पडलेली ऊर्जा किती?

एनव्हीएस-०२ चे उड्डाणावेळचे वजन २,२५० किलो. त्याची कक्षा जमिनीपासून सर्वांत जवळच्या टोकाला सुमारे १७० किमी आणि सर्वांत दूरच्या टोकाला साधारण ३७ हजार किमी होती. त्याला जायचे होते ३५,७८६ किमी उंचीच्या, चोवीस तासांत एक फेरी होणाऱ्या जवळजवळ वर्तुळाकार कक्षेत.

पृथ्वीभोवती फिरणारी कोणतीही वस्तू पृथ्वीची कर्जदार असते, असे समजायला हरकत नाही. हे कर्ज पूर्ण फेडले की ती वस्तू पृथ्वीच्या ओढीतून सुटते. अकरावीच्या भौतिकशास्त्रात ‘गुरुत्वाकर्षण’ या प्रकरणात जिला बंधन ऊर्जा म्हणतात, ती हीच. ती काढण्याची रीत सोपी आहे. कक्षेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची पूर्ण लांबी किलोमीटरमध्ये घ्यायची आणि ३,९८,६०० या संख्येला तिने भागायचे. येणारे उत्तर म्हणजे दर किलोमागे किती मेगाज्यूल कर्ज बाकी आहे तो आकडा. (३,९८,६०० ही संख्या पृथ्वीच्या वस्तुमानावरून येते, चंद्रासाठी किंवा मंगळासाठी ती वेगळी.)

एनव्हीएस-०२ च्या कक्षेची लांबी म्हणजे १७० अधिक ३७,००० अधिक पृथ्वीचा व्यास १२,७५६, एकूण ४९,९२६ किमी. भागाकार येतो ७.९८. अपेक्षित कक्षेची लांबी ८४,३२८ किमी, भागाकार ४.७३. फरक सव्वातीन मेगाज्यूल. एक युनिट वीज म्हणजे ३.६ मेगाज्यूल. म्हणजे उपग्रहाचा एक किलो भाग वर न्यायला एक युनिटही लागत नाही, ०.९ युनिट पुरते. अख्ख्या २,२५० किलोंसाठी सुमारे २,०३० युनिट. खरे तर वाटेत इंधन जळून जाते आणि मुक्कामी चौदाशे किलोच्या आसपासच वजन पोहोचते, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा याहूनही लहान. आपण मोठा धरून चालू.

कोयना प्रकल्पाची सर्व टप्प्यांची मिळून स्थापित क्षमता १,९६० मेगावॉट आहे. सगळे संच एकाच वेळी पूर्ण जोमाने चालले असे धरले, तर एवढी वीज चार सेकंदांच्या आत तयार होते. विहिरीवरची पाच एचपीची मोटर रोज आठ तास चालवली, तर सव्वादोन महिन्यांत ती तेवढी वीज खाते. देशाच्या दिशादर्शन यंत्रणेतला एक महत्त्वाचा उपग्रह अडला तो ऊसाच्या एका फडाला पाणी पाजण्याइतक्या ऊर्जेसाठी!

मग टेंभूचे गणित इथे का चालत नाही?

उंचावर काही चढवायचे म्हटले की या दोन जिल्ह्यांत पहिल्यांदा आठवतात त्या उपसा सिंचन योजना. कराडजवळ टेंभू येथे कृष्णेतून उचललेले पाणी टप्प्याटप्प्याने चढत कडेगाव, खानापूर, आटपाडीकडे जाते. ताकारी आणि म्हैसाळ योजनांचेही तेच. तिथला हिशेब सरळ आहे : पाण्याचे वजन गुणिले चढ. हजार लिटर पाणी शंभर मीटर चढवायला कागदावर पाव युनिटाहून थोडी जास्त वीज लागते. पंपातली, नळातली घट धरून प्रत्यक्षात त्याहून अधिक. चढ दुप्पट झाला की वीज दुप्पट. योजनांच्या वीजबिलांचा प्रश्न निघतो तेव्हा सगळे याच गुणाकाराभोवती फिरत असते.

हाच गुणाकार ३६ हजार किमी उंचीसाठी केला, तर दर किलोला ३५३ मेगाज्यूल असे उत्तर येते. ते उघडच चुकीचे आहे, कारण जमिनीवरच्या एक किलो वस्तूला पृथ्वीच्या ओढीतून कायमचे सोडवायलाच ६२.५ मेगाज्यूल पुरतात. चूक होते ती गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखेच धरल्याने. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला आणि माथ्यावर ते व्यवहारात सारखे असते, पण ३६ हजार किमीवर पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या तुलनेत ४४ पटींनी कमी होते. वरचा चढ जवळजवळ फुकटचा आहे.

दुसरा फरक याहून मोठा आहे. पाणी टाकीत चढवले की ते तिथे राहते. उपग्रहाला वर नुसते नेऊन ठेवले तर तो सरळ खाली पडेल. त्याला आडवा वेग द्यावा लागतो, आणि खरा खर्च तिथे आहे. अडीचशे किमी उंचीवर फक्त नेण्यासाठी दर किलोला २.४ मेगाज्यूल लागतात. तिथे टिकून राहण्यासाठी जो सेकंदाला पावणेआठ किमीचा वेग हवा, त्यासाठी ३० मेगाज्यूल. उंची स्वस्त, वेग महाग. रॉकेट सुटल्यावर थोड्याच वेळात तिरपे का होऊ लागते, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

ऊर्जा एवढी कमी, मग इंधन एवढे का?

टेंभूच्या पंपाखाली जमीन असते आणि मागे महावितरणची तार. उपग्रहाकडे दोन्ही नाही. सौरपंखांवर वीज तयार होते, पण रेटा द्यायला आजूबाजूला पाणी नाही, हवा नाही, रस्ता नाही. पुढे जायचे तर स्वतःतलेच काहीतरी मागे फेकावे लागते. जे फेकायचे ते इंधन आधी सोबत वाहून न्यावे लागते, आणि त्या इंधनालाही वेग देण्यासाठी आणखी इंधन. रशियाचे कॉन्स्तान्तिन त्सिओल्कोवस्की यांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केलेले समीकरण या चक्रवाढीचे आहे. पतसंस्थेच्या चक्रवाढ व्याजाशी त्याचे जवळचे नाते आहे. फरक एवढाच की इथे मुदत वर्षांत नव्हे, वेगात मोजतात.

अशा उपग्रहांच्या द्रवरूप इंधनाच्या इंजिनातून वायू सेकंदाला सुमारे ३.१ किमी वेगाने बाहेर पडतात. एनव्हीएस-०२ ला आपला वेग एकूण दीड किमी प्रतिसेकंदाने बदलायचा होता. समीकरणात हे आकडे घातले की, वजनाच्या ३८ टक्के म्हणजे सुमारे ८६० किलो इंधन लागते असे दिसते. दोन हजार युनिटांच्या कामासाठी पाऊण टनाहून अधिक इंधन. त्यात जळणारे द्रव्य आणि त्याला जाळणारा ऑक्सिडायझर असे दोन भाग असतात. अवकाशात हवा नसल्याने चुलीला लागणारा प्राणवायूही टाकीत भरून न्यावा लागतो. दुसऱ्या भागाची झडप उघडली नाही की पहिला भाग नुसता ओझे.

इंजिनही फार दांडगे नसते. ‘इस्रो’च्या अशा उपग्रहांवर साधारणपणे ४४० न्यूटन रेट्याचे इंजिन वापरले जाते. म्हणजे ४५ किलो वजन हातावर तोलून धरण्याइतका जोर. सिमेंटचे एक पोतेही त्याने उचलले जाणार नाही. अवकाशात अडवायला कोणी नाही म्हणून तेवढा जोर पुरतो, मात्र वेळ लागतो. वरचे ८६० किलो इंधन जाळायला हे इंजिन एकूण एक तास चाळीस मिनिटे चालावे लागते. ते एका दमात न चालवता काही फेऱ्यांमध्ये, ठरावीक जागी, तुकड्यातुकड्याने चालवतात.

ऊर्जा तीच, कक्षा मात्र वेगळी

जागा ठरावीक का? इथे या विषयातली सर्वांत गमतीची आणि सर्वांत फसवी गोष्ट आहे.

लंबवर्तुळाकार कक्षेत उपग्रहाचा वेग सारखा बदलतो. खंबाटकी घाटात इंजिन बंद केलेली गाडी उतारावर जशी वेग घेईल आणि पुढच्या चढावर गमावेल, तसेच. एनव्हीएस-०२ पृथ्वीजवळच्या टोकाला सेकंदाला १०.३ किमी वेगाने जातो, तर दूरच्या टोकाला अवघ्या १.५५ किमी वेगाने. वेगात तेवढीच वाढ केली तरी जिथे तो आधीच जोरात आहे तिथे ऊर्जा जास्त वाढते. जवळच्या टोकाला सेकंदाला एक मीटर वेग वाढवला तर दर किलोला १०.३ किलोज्यूल मिळतात, दूरच्या टोकाला फक्त दीड. इंधन सारखेच, फळ साडेसहा पट.

मग सगळे इंधन जवळच्या टोकालाच का जाळू नये? करून पाहू. आपल्याला हव्या असलेल्या सव्वातीन मेगाज्यूलसाठी तिथे सेकंदाला ३१० मीटर एवढीच वेगवाढ पुरते. इंधन लागेल सुमारे २१५ किलो, म्हणजे मूळ अंदाजाच्या चौथाई. ऊर्जेचे खाते बरोबर जुळते. फेरीचा काळही चोवीस तासांचा होतो. पण कक्षा? तिचे जवळचे टोक १७० किमीवरच राहते आणि दूरचे ७१ हजार किमीच्या पलीकडे जाते. असा उपग्रह रोज एकदा वातावरणाला घासून जाईल आणि कामाचा नसेल.

म्हणून कक्षेचे जवळचे टोक उचलायचे तर इंजिन दूरच्या टोकाला, म्हणजे उपग्रह सर्वांत मंद असताना, चालवावे लागते. एका टोकाला दिलेला रेटा समोरचे टोक हलवतो. ऊर्जेच्या दृष्टीने हा तोट्याचा सौदा आहे, पण दुसरा इलाज नाही. त्यामुळेच अभियंते कक्षाबदलाचा खर्च ज्यूलमध्ये किंवा युनिटमध्ये मांडत नाहीत. ते विचारतात, सेकंदाला किती मीटर वेग बदलायचा? या आकड्याला ‘डेल्टा-व्ही’ म्हणतात आणि मोहिमेचा सगळा जमाखर्च त्यात मांडला जातो. ‘कक्षा बदलायला किती ऊर्जा?’ हा प्रश्न म्हणूनच अर्धा आहे. ऊर्जा सांगितली तरी ती कुठे आणि कोणत्या दिशेने द्यायची हे सांगितल्याशिवाय उपग्रह कुठे जाईल ते कळत नाही.

यात आणखी एक गोंधळात टाकणारी बाब आहे. अडीचशे किमीवरचा उपग्रह सेकंदाला पावणेआठ किमी वेगाने फिरतो आणि भूस्थिर कक्षेतला तीन किमीने. म्हणजे दोनदा रेटा देऊन, वेग वाढवत वर नेल्यावर उपग्रह शेवटी आधीपेक्षा मंद झालेला असतो. वाढवलेला वेग चढण्यात खर्च होतो. कर्ज फिटते ते असे.

मंगळयानाच्या वेळी काय घडले होते?

जवळच्या टोकाला इंजिन चालवण्याचा फायदा भारताने मंगळयानात पुरेपूर घेतला. मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ रोजी पीएसएलव्हीवरून सुटले. त्याला थेट मंगळाकडे फेकण्याएवढी ताकद या रॉकेटमध्ये नव्हती. म्हणून यान पृथ्वीभोवतीच फिरवत ठेवून, प्रत्येक वेळी जवळच्या टोकाला इंजिन पेटवून कक्षा लांबवत नेली गेली. चौथ्या खेपेला, ११ नोव्हेंबरला, इंजिन अपेक्षेप्रमाणे चालले नाही. सेकंदाला १३० मीटर वेगवाढ हवी होती, मिळाली ३५ मीटर. दूरचे टोक एक लाख किमीपर्यंत जायचे ते ७८,२७६ किमीवर थांबले. दुसऱ्याच दिवशी १२५ मीटरचा हप्ता भरून ते १,१८,६४२ किमीवर नेण्यात आले. तासाला हजारो किमी वेगाने धावणाऱ्या यानाच्या बाबतीत सेकंदाला शंभरएक मीटरचा फरक क्षुल्लक वाटेल. इथे त्याने चाळीस हजार किमीचा फरक पडला.

पुढे २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाभोवतीच्या कक्षेत शिरताना हेच इंजिन उलट्या दिशेने चालवले गेले. सेकंदाला १,०९९ मीटर वेग कमी करायला त्याला २३ मिनिटे लागली आणि सुमारे अडीचशे किलो इंधन. वेग घटवायलाही इंधन लागतेच, ब्रेकला पर्याय नाही.

कक्षेचा कल बदलायचा असेल तर?

तर खर्च अंगावर येतो. उंची तीच ठेवून फक्त कक्षेचा कल दहा अंशांनी बदलायचा म्हटले, तर खालच्या कक्षेत सेकंदाला १.३ किमीपेक्षा जास्त वेगबदल लागतो. साठ अंश वळायचे तर जवळजवळ मूळ वेगाएवढाच. धावत्या ट्रकला जागेवर वळवण्यासारखे हे काम आहे, त्यामुळे ते ट्रक मंद असताना, म्हणजे दूरच्या टोकाला, उरकतात. तिथे तेच दहा अंश पाव किमीच्या आसपास वेगबदलात होतात. प्रक्षेपणतळ विषुववृत्ताजवळ असण्याचे मोल यातही आहे.

एनव्हीएस-०२ चे पुढे काय?

याआधीच्या ‘एनव्हीएस-०१’ने २९ मे २०२३ च्या उड्डाणानंतर हाच प्रवास सुखरूप केला होता. ‘नाविक’ यंत्रणेच्या वाट्याला मात्र याआधीही असे दुर्दैव आले आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये आयआरएनएसएस-१एच या उपग्रहावरचे उष्णतारोधक कवच वेगळेच झाले नाही. कवचाचे जादा ओझे घेऊन रॉकेट हवा तो वेग गाठू शकले नाही आणि उपग्रह कवचातच अडकला. चक्रवाढीच्या त्या समीकरणात वजनाला किती किंमत आहे, याचे ते उदाहरण. सरकारने २०२५ मध्ये दिलेल्या माहितीनुसार आतापर्यंत सोडलेल्या ११ उपग्रहांपैकी स्थान आणि वेळ सांगण्याचे पूर्ण काम चारच करत होते. काहींची अणुघड्याळे बंद पडली आहेत. स्वतःची जागा निश्चित करण्यासाठी किमान चार उपग्रह दिसावे लागतात. म्हणजे राखीव गडी एकही नाही. बस-ट्रकमधल्या ट्रॅकरपासून मच्छीमारांना पाठवल्या जाणाऱ्या इशाऱ्यांपर्यंत ज्या सेवा ‘नाविक’वर उभ्या करायच्या आहेत, त्यांच्यासाठी एनव्हीएस-०२ चा अपघात म्हणूनच झोंबणारा आहे.

परदेशात अशा संकटातून वाट काढल्याचे उदाहरण आहे. अमेरिकेच्या ‘एईएचएफ-१’ या लष्करी दळणवळण उपग्रहाचे मुख्य इंजिन ऑगस्ट २०१० मधील उड्डाणानंतर निकामी झाले. त्यावर जागा टिकवण्यासाठी छोटी इंजिने आणि विजेवर चालणारी इंजिनेही होती. विद्युत इंजिन वायू फार वेगाने मागे फेकते, त्यामुळे इंधन थोडेच लागते, पण रेटा हातावर ठेवलेल्या कागदाच्या वजनाशी तुलना करावी इतका क्षीण. या इंजिनांनी उपग्रह ढकलत ढकलत ऑक्टोबर २०११ मध्ये जागेवर नेला. जे काम तीन महिन्यांत व्हायचे ते चौदा महिन्यांत झाले. विद्युत इंजिनाचा वापर ‘इस्रो’नेही २०१७ च्या जीसॅट-९ वर केला आहे, मात्र ते तिथे जागा टिकवण्याच्या कामासाठी होते.

एनव्हीएस-०२ साठी लंबवर्तुळाकार कक्षेतूनच काही उपयोग करून घेता येईल का, याचे पर्याय शोधत असल्याचे ‘इस्रो’ने तेव्हा सांगितले होते. अडचण जवळच्या टोकाची आहे. १७० किमीवर हवा अतिशय विरळ असली तरी असते. साधारण दर अकरा तासांनी उपग्रह तिथून सेकंदाला दहा किमीहून अधिक वेगाने जातो आणि प्रत्येक खेपेला थोडा वेग गमावतो. जवळच्या टोकाला गमावलेला वेग दूरचे टोक खाली आणतो, हे मंगळयानाच्या गणिताचे उलटे रूप. तीस-पस्तीस मीटरची घट तिथे साचत गेली तरी वरचे टोक हजारो किमीने उतरते, आणि ते परत चढवायला लागणारा ऑक्सिडायझर बंद झडपेच्या पलीकडे आहे.